पाणी ओढणारे यंत्र आणि प्लगची तिसरी पिन



वऱ्हाडचा उन्हाळा आणि कूलर यांचे नाते आपणांस नव्याने सांगावयास नको. अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोचला की घरोघरी कूलर बाहेर निघतात आणि त्यापाठोपाठ वर्तमानपत्रांत एक ठरावीक बातमी येऊ लागते. कुणी चालू कूलरमध्ये पाणी भरताना, कुणी ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून त्याच्या पत्र्याला हात लावताना विजेच्या धक्क्याने दगावलेला असतो. महावितरण उन्हाळ्यात आवाहन करते की पाणी भरताना प्लग काढा, तीन पिनांचाच प्लग वापरा, अर्थिंग तपासून घ्या. तरीही पुढल्या वर्षी ती बातमी पुन्हा येतेच.

आज ज्या यंत्राविषयी मी बोलणार आहे, त्यातही लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज या तीनही गोष्टी एकत्र आल्या आहेत. कोरडा केरकचरा आणि सांडलेले पाणी ही दोन्ही ओढून घेणारा व्हॅक्युम क्लीनर आता तांत्रिक शाळांच्या कार्यशाळांत, गॅरेजांत, औद्योगिक वसाहतींतील छोट्या कारखान्यांत आणि क्वचित ग्रामपंचायतींच्या कार्यालयांतही दिसू लागला आहे. हे यंत्र घेऊच नका, असे सांगण्यासाठी मी उभा नाही. ते उपयुक्त आहे. परंतु ते विकत घेण्यापूर्वी ज्या भिंतीतील सॉकेटमध्ये त्याचा प्लग बसणार आहे, त्या सॉकेटकडे आपण पाहिले पाहिजे, एवढेच माझे आजचे म्हणणे आहे.

झाडूची थोरवी अमरावती जिल्ह्याला इतरांनी सांगण्याची आवश्यकता नाही. शेणगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी तो आयुष्यभर हाती धरला. रस्ता, अंगण आणि नदीकाठ यांसाठी आजही झाडूसारखे साधन नाही. मात्र बंद कार्यशाळेत, जिनिंगच्या शेडमध्ये किंवा अकोल्याच्या दालमिलमध्ये कोरडा झाडू मारला की बारीक धूळ खालची वर येते आणि कामगाराच्या छातीत जाते. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसांचा विकार वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कॉम्प्रेसरची हवा मारून यंत्रे साफ करण्याची पद्धत तर झाडूहूनही वाईट होय, कारण त्यात धूळ जाते कोठे हे कुणीच पाहत नाही. धूळ उडविण्यापेक्षा ती ओढून घ्यावी, या विचारातून १९०१ साली इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने शोषणावर चालणारे सफाई यंत्र तयार केले. आजचे यंत्र आकाराने लहान झाले असले, तरी तत्त्व तेच आहे.

हे यंत्र आतून कसे असते, हे समजून घेतले म्हणजे धोका कोठे आहे हे आपोआप कळते. खाली एक पिंप असते आणि त्याच्या झाकणात मोटार बसविलेली असते. मोटारीचा पंखा अतिशय वेगाने फिरून पिंपातील हवा बाहेर फेकतो, त्यामुळे आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा होज पाइपातून धूळ किंवा पाणी घेऊन आत येते. पिंपात येताच हवेचा वेग मंदावतो आणि जड असलेले पाणी तळाशी पडते. पिंप भरत आले की आतील तरंगता फ्लोट वर उचलला जातो आणि शोषणाचे तोंड बंद करतो. मोटारीचा आवाज एकदम चढतो, ओढ थांबते. हा आवाज म्हणजे यंत्राने दिलेली सूचना होय. ती ऐकताच बटण बंद करून, प्लग काढून पिंप रिकामे करावे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, पाणी आणि मोटार यांच्यात या यंत्रात जेमतेम वीतभर अंतर असते. दुसरी अशी की, फ्लोट पाण्यावर तरंगतो, फेसावर तरंगत नाही. साबणाचे पाणी ओढले तर फेस फ्लोटला न जुमानता वर चढतो आणि मोटारीपर्यंत पोचतो. यंत्र कलंडले तरीही फ्लोटचा उपयोग होत नाही. तसेच कोरड्या कामाची कागदी पिशवी आणि कागदी फिल्टर ओल्या कामापूर्वी काढून, त्याऐवजी निर्मात्याने दिलेला स्पंजचा फिल्टर लावावा लागतो.

या फेसाचा धडा मी पुस्तकातून शिकलेलो नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेची जबाबदारी माझ्याकडे होती. पावसाळ्याचे दिवस होते. फरशीवर सांडलेले तेल साबणाने धुऊन मुले ते पाणी व्हॅक्युमने ओढत होती. यंत्राचे पिंप स्टीलचे होते. भिंतीतील सॉकेट दोन पिनांचे असल्यामुळे कुणीतरी मूळ प्लग कापून त्या जागी दोन पिनांचा प्लग बसविला होता. तो मी सकाळीच पाहिला होता आणि "उद्या बदलून घेऊ" असे म्हणालो होतो. दुपारी एका विद्यार्थ्याचा हात पिंपाच्या कडीला चिकटला. त्याला ओरडताही येईना. दुसऱ्या मुलाने धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून तो वाचला. तळहातावर भाजल्याची खूण मात्र राहिली. आम्ही यंत्र उघडले तेव्हा मोटारीत साबणाचा फेस होता. फ्यूज शाबूत होता, सर्किट ब्रेकरही पडलेला नव्हता. विजेच्या दृष्टीने सारे काही सुरळीत चालू होते!

ब्रेकर का पडला नाही, हा प्रश्न त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची. ओल्या अंगाचा रोध साधारण १,००० ओहम धरला, तर शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या आल्यासारखे वाटते. १० मिलिअँपिअरच्या सुमारास स्नायू आखडून हात सुटेनासा होतो. ३० च्या पुढे श्वास आणि हृदय या दोहोंना धोका उत्पन्न होतो. आता भिंतीतील साधा एम.सी.बी. पाहा. तो १६ अँपिअरचा, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरचा असतो. तो वायर जळू नये म्हणून बसविलेला आहे. माणसाच्या अंगातून जाणारे २३० मिलिअँपिअर त्याच्या लेखी नगण्य होत.

मग माणसाला वाचविणारे काय? पहिली गोष्ट अर्थिंग. प्लगमधील जाड व लांब तिसरी पिन यंत्राचा पत्रा जमिनीशी जोडते. ती सर्वांत लांब ठेवलेली असते ती मुद्दाम, म्हणजे प्लग बसविताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. पत्र्यात वीज उतरली तर ती या वाटेने जमिनीत जावी, हा हेतू. परंतु वऱ्हाडच्या जमिनीत ही वाट नेहमी मोकळी असतेच असे नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, ओली असताना वीज चांगली वाहून नेते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुटली, खड्डा कोरडा पडला की रोध वाढतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर या भागांत, क्षारांमुळे लोखंडी पाइप लवकर गंजतो. वर वायर शाबूत दिसते आणि खाली पाइप संपलेला असतो.

पुन्हा गणित करू. अर्थिंगचा रोध ५० ओहम झाला असेल, तर पत्र्यात उतरलेल्या विजेमुळे जमिनीत फार तर ४.६ अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा ब्रेकर त्याने पडणार नाही आणि पत्र्यावर जवळजवळ पूर्ण दाब तसाच राहील. अर्थिंग आहे, परंतु संरक्षण नाही, अशी ही स्थिती होय.

म्हणून दुसरी गोष्ट हवी. तिला आपण बोलीत ईएलसीबी म्हणतो. आज बाजारात मिळते ते उपकरण बहुधा आरसीसीबी या नावाचे असते. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलने तितकीच परत आली की नाही, हे ते सतत मोजते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज दुसऱ्या वाटेने, कदाचित माणसाच्या अंगातून, गेली असे समजून ते सेकंदाच्या काही अंशात पुरवठा तोडते. मघाच्या ५० ओहमच्या अर्थिंगवरही ते तत्काळ पडेल, कारण तेथे ४,६०० मिलिअँपिअर गळत आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांत आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या विनियमांत गळतीपासून संरक्षण देणाऱ्या अशा उपकरणाची तरतूद आहे. माणसांच्या रक्षणासाठी ते ३० मिलिअँपिअरचेच घ्यावे. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची उपकरणे मुख्यतः आगीपासून बचावासाठी असतात.

तरीही हे उपकरण म्हणजे कवचकुंडले नव्हेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्याला ते वाचवीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे एक दिवाच असतो. त्यावरील 'टी' अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. न पडल्यास ते बदलावे. मात्र त्या बटणाने केवळ उपकरणाची परीक्षा होते, अर्थिंगची होत नाही. अर्थिंगचा रोध परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्यावा आणि तो मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना मोजावा. पावसाळ्यात मोजलेला आकडा आपली दिशाभूल करतो.

येथे एका घातक प्रथेचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. अर्थिंगची वायर नसेल तेथे सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेच्या तुकड्याने जोडून टाकले जाते. टेस्टरने पाहिले तर सारे ठीक वाटते. परंतु मागे कोठे न्यूट्रल तुटला, की त्या सॉकेटवरील प्रत्येक यंत्राचा पत्रा यंत्रातूनच आलेल्या विजेने जिवंत होतो. आपल्या शाळेत, कार्यालयात असे केलेले आढळले तर ते त्याच दिवशी काढून टाकावे.

काही व्हॅक्युम यंत्रांना मुळातच दोन पिनांचा प्लग असतो. त्यांच्या पाटीवर एका चौकोनात दुसरा चौकोन, अशी खूण असेल तर त्यांत दुहेरी आवरण असून त्यांना अर्थिंगची आवश्यकता नसते. ही खूण नसलेल्या यंत्राची तिसरी पिन कधीही कापू नये. दोन्ही प्रकारांना, विशेषतः ओल्या कामात, आरसीसीबी मात्र हवाच.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. काम सुरू करण्यापूर्वी वायर एकदा हातातून फिरवून पाहावी. चीर, टेप लावलेला जोड किंवा प्लगजवळ काळवंडलेला भाग दिसला तर यंत्र बाजूला ठेवावे. एक्स्टेन्शन बोर्ड शक्यतो टाळावा. घ्यावाच लागला तर तो तीन तारांचा, पुरेशा जाडीचा असावा, गुंडाळलेली वायर पूर्ण सोडलेली असावी आणि बोर्ड पाण्यापासून दूर, फरशीहून उंच ठेवलेला असावा. काही यंत्रांवर ग्राइंडर किंवा रंधा जोडण्यासाठी वेगळे सॉकेट असते. १,२०० वॅटचा व्हॅक्युम आणि ८०० वॅटचा ग्राइंडर मिळून २,००० वॅट, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास होतात. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर हा भार टाकणे म्हणजे बोर्ड जाळणे होय.

काम करणाऱ्याच्या पायांत कोरडे रबरी बूट असावेत आणि प्लगला ओला हात लागू नये. पिंप रिकामे करताना, फिल्टर बदलताना, होज अडकली असताना केवळ बटण बंद करून भागत नाही. प्लग सॉकेटबाहेर काढलाच पाहिजे. तो धरून काढावा, वायर ओढून नव्हे. २० लिटरच्या भरलेल्या पिंपाचे पाणीच २० किलो भरते, म्हणून ते अर्धे असतानाच ओतावे. काम संपल्यावर पिंप व फिल्टर पूर्ण वाळवून मगच यंत्र बंद करून ठेवावे.

काय ओढू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पेट्रोल, थिनर, रॉकेल यांसारखे पेट घेणारे द्रव साध्या यंत्राने कदापि ओढू नयेत, कारण या मोटारींत ठिणगी उडत असते. गरम राख, वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगच्या ताज्या ठिणग्या फिल्टरमध्ये धुमसत राहतात. आपल्या भागात रुईचा विशेष विचार करावा लागतो. रुईत ठिणगी तासन्‌तास दडून राहू शकते, हे जिनिंगच्या धंद्यातील माणसाला ठाऊक असते. रुईचे तंतू मोटारीच्या हवेच्या जाळ्या बंद करून तिला तापवितात. दालमिलमधील डाळीचे पीठही हवेत दाट पसरले असता पेट घेऊ शकते. अशा ठिकाणी घरगुती किंवा साधे कार्यशाळेचे यंत्र चालणार नाही. पेट घेणाऱ्या धुळीसाठी खास बनविलेले यंत्र घ्यावे. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत प्लास्टिकच्या होजमधून धूळ जाताना स्थितिक वीज साठते आणि हाताला चटका बसतो. त्यासाठी ती वीज जमिनीत उतरविणारी होज मिळते.

ग्रामपंचायत सदस्यांसाठी पुराविषयी दोन शब्द. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीनंतर मोर्णेचे पाणी अकोल्याच्या वस्त्यांत शिरले, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. अशा वेळी शाळा, अंगणवाडी, कार्यालय लवकर कोरडे करण्याची घाई स्वाभाविक असते. परंतु ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब खोलीत केवळ ५ सेंटिमीटर पाणी असले तरी ते ६०० लिटर होते, म्हणजे आपल्या यंत्राची ३० पिंपे. साचलेले पाणी पंपाने किंवा बादल्यांनी काढावे आणि व्हॅक्युम अखेरच्या थरासाठी ठेवावा. त्याआधी मेन स्विच बंद असला पाहिजे. मीटर किंवा मेन स्विच स्वतःच भिजला असेल तर त्याला हात न लावता महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे. पाण्याखाली गेलेल्या सॉकेटमधून, ते वरून वाळलेले दिसले तरी, वायरमनने तपासल्याशिवाय वीज घेऊ नये.

आणि एवढे करूनही कुणाला धक्का बसलाच, तर त्याला धरून ओढण्याचा मोह आवरावा. धरणाराही त्याच वाटेने जातो. आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जमिनीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि मदत पोचेपर्यंत थांबू नये. विजेच्या धक्क्यावरील उपचारांचा तक्ता स्थानिक भाषेत लावणे कारखान्यांना नियमाने बंधनकारक आहे. शाळेच्या कार्यशाळेत तो लावण्यासाठी आपण नियमाची वाट का पाहावी? आणि अपघात घडल्यास तो झाकून ठेवू नये. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ मध्ये अपघाताची सूचना आणि चौकशी यांची तरतूद आहे ती पुढचा जीव वाचावा म्हणून.

आता प्रत्येकाकडे एकेक मागणे. अधिकारी मित्रांना माझी विनंती अशी की, अशा यंत्राच्या खरेदीचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, तीन पिनांचे योग्य सॉकेट आणि अर्थिंगची मोजणी यांचा खर्च त्याच कागदावर मागावा. यंत्राच्या किमतीच्या मानाने तो थोडा असतो, परंतु नंतर वेगळा मागितला तर कधीच मंजूर होत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील शाळा व अंगणवाड्यांच्या अर्थिंगची मोजणी दर मे महिन्यात करवून तिचा आकडा दप्तरी नोंदवावा. शिक्षक बंधु-भगिनींनी मुलांना ओहमचा नियम शिकविताना दिव्याबरोबर कूलरचे आणि व्हॅक्युमचेही उदाहरण द्यावे. ते गणित मुले घरी घेऊन जातील, आणि ज्या घरात अजून तिसरी पिन नाही, तेथे कदाचित तेच मूल वडिलांना सांगेल.

माझ्या कार्यशाळेतील त्या विद्यार्थ्याला मेन स्विच कोठे आहे हे ठाऊक असलेला मित्र लाभला, म्हणून तो आज आपल्या पायांवर उभा आहे. पण त्याचा जीव त्या मित्राच्या धावण्यावर अवलंबून राहावा, ही वेळ माझ्या "उद्या बदलून घेऊ" या तीन शब्दांनी आणली होती. आपल्या कार्यशाळेत असा एखादा प्लग असेल तर तो आज, येथून गेल्यावर, बदलावा, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.